पिंगळ्याचा चौथा डोळा

यमुनाला ‘नाही’ हा शब्द सोसत नसे, आणि तिच्या नशिबी नेमका नन्या आला होता.

नन्या हा वाघजाई पठारावरच्या वेधकेंद्रातला यंत्रमानव. कागदोपत्री त्याचे नाव ‘निरीक्षण सहायक’ असे भारदस्त होते. पण काहीही विचारा, आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग कारण सांगायचे, अशी सवय त्याला बनवणाऱ्यांनीच लावून ठेवली होती. विज्ञानात घाईघाईने ‘हो’ म्हणणे महागात पडते, असे त्यांचे म्हणणे. मे महिन्याच्या सुट्टीत यमुना नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, केंद्राच्या आवारातल्या घरी राहायला आली. पहिल्याच सकाळी तिने त्याचा नन्नाचा पाढा ऐकला आणि त्याचे बारसे उरकून टाकले.

आजही ती नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर पिंगळ्याच्या चौथ्या डोळ्याने टिपलेली चित्रे ओळीने लावली होती. पिंगळा म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारी, अवकाशातली वेधशाळा; तिच्यावरचे चार कॅमेरे म्हणजे तिचे चार डोळे. घुबडाच्या कुळातल्या त्या छोट्या पक्ष्याचे नाव तिला दिले होते, कारण अंधारात बघणे हेच तिचे काम. पडद्यावर एक फुटलेला तारा होता, दीर्घिकांचा एक घोळका होता, एकमेकांभोवती गरगरणारे दोन तारे होते. आणि प्रत्येक चित्रात डावीकडे खाली, अगदी एकाच जागी, एक गोल काळा ठिपका होता.

“नन्या, हा ठिपका कसला रे?”

“नाही, तो कसलाही नाही,” नन्या म्हणाला. “तिथे चौथ्या डोळ्याचे पिक्सेल (चित्राचे सगळ्यात लहान तुकडे) मेले आहेत. मेलेला पिक्सेल काही मोजत नाही. म्हणून काळे.”

“कशावरून मेले?”

“गेल्या वर्षी सूर्यावर मोठे वादळ झाले. त्याच आठवड्यात हा ठिपका उगवला. समितीने तसा निष्कर्ष काढला आहे.”

“समितीने वर जाऊन पाहिलं का?”

“नाही.”

या वेळचा ‘नाही’ मात्र यमुनाला आवडला.

मोठी माणसे एकदा समिती नेमून मोकळी झाली, की त्यांना पुन्हा काही विचारणे हा उद्धटपणा ठरतो. यमुना उद्धट होती, असे कुणी म्हटले तर आमची हरकत नाही. पण तिच्याकडे कारण होते. त्या एका ठिपक्यापायी पिंगळ्याचा चौथा डोळा येत्या शुक्रवारी कायमचा मिटणार होता. पिंगळ्याचे सौरपंख (सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे) म्हातारे झाले होते. चारही डोळ्यांना सतत पुरेल एवढी वीज आता त्यांच्याच्याने होत नव्हती. एक डोळा बंद करायचा म्हटल्यावर बिघडलेलाच बंद करणार! आणि एकदा वीज पूर्ण तोडून बंद केला, की तिथल्या गारठ्यात त्याचे नाजूक भाग तडकणार आणि तो पुन्हा कधीच उघडणार नव्हता. हा डोळा बनवला होता तिच्या नानांनी, डॉ. त्र्यंबक कुलथे यांनी. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी त्यात घातली होती.

आणि नाना काय करत होते? तर चौथ्या डोळ्याच्या निरोप समारंभासाठी बेसनाचे लाडू!

“डोळा फोडायचा आणि वर लाडू वाटायचे?” स्वयंपाकघरात शिरता शिरता यमुना कडाडली. “मी एकही खाणार नाही. सांगून ठेवते.”

“नको खाऊस. मला उरतील,” नाना म्हणाले. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. “अगं, यंत्रं म्हातारी होतात. माणसंही होतात. कटकट करून काय होतंय?”

“तुम्ही भांडलात तरी का?”

“एकदा भांडलो. म्हटलं, डोळ्यांना पाळी लावा. ऊब राहण्यापुरती वीज देऊन आज हा झोपेल, उद्या तो. पण बिघडलेल्या कॅमेऱ्याला पाळी कोण देणार?”

यमुना ओट्याला टेकून उभी राहिली. राग आला की तिला प्रश्न सुचत. “पण मुळात चार डोळे हवेत कशाला? माझं दोनात भागतं.”

“भागतं, असं तुला वाटतं,” नानांचा चेहरा जरा खुलला. “तू पेटी वाजवतेस ना? समज, एक माणूस आहे. त्याला पेटीचं फक्त मधलं सप्तक ऐकू येतं. गाणारी बाई वरच्या सप्तकात गेली, की हा म्हणणार, थांबली वाटतं गायची. खाली उतरली की म्हणणार, चला, परत सुरू झाली.”

“येडाच आहे!”

“तो येडा म्हणजे आपण सगळे. प्रकाश ही एक लाट असते. लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, ती तिची तरंगलांबी. आपल्या डोळ्यांना दिसतो तो दृश्य प्रकाश. त्याच्या सुमारे दोन हजार लाटा एका मिलिमीटरमध्ये मावतात. त्याहून लांब लाटा असल्या, की तो अवरक्त प्रकाश. तापलेल्या तव्याशेजारी हात धरला की न शिवता धग लागते, ती बरीचशी त्याची. लाटा आखूड झाल्या की अतिनील, उन्हात कातडी रापवणारा. आणि त्याहून शेकडो पटींनी आखूड म्हणजे क्ष-किरण.”

“ते दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात ते? आकाशात कुणाची हाडं मोडलीत?”

“कुणाची नाही. पण वायू लाखो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापला, की तो आपण होऊन क्ष-किरण सोडतो. कृष्णविवराच्या (ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूच्या) तोंडाशी गरगरणारा वायू असाच तापतो. अवकाशातून येणारे हे किरण आपल्या हवेत अडकतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून तर दुर्बीण वर न्यावी लागली. पिंगळ्याचा पहिला डोळा अवरक्त, दुसरा दृश्य, तिसरा अतिनील आणि चौथा क्ष-किरणांचा. चौघेही एकाच वेळी एकाच दिशेला बघतात, म्हणून पूर्ण गाणं ऐकू येतं.”

“आणि शुक्रवारी आपण वरचं सप्तक बंद करणार,” यमुना म्हणाली, “आणि मग म्हणणार, बाई गायची थांबली.”

नानांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे ओढला, त्यावर वाटी ठेवली आणि शून्याचे बटण दाबले. वाटीचे वजन बेसनात धरायचे नाही, म्हणून आधी रिकाम्या वाटीलाच शून्य करायचे, ही त्यांची रोजची पद्धत. मग त्यांच्या लक्षात आले, की वाटीत चमचा तसाच राहिला आहे. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. काट्यावर आकडा उमटला. उणे पस्तीस.

यमुना त्या आकड्याकडे बघत राहिली. “नाना, उणे का दाखवतोय?”

“चमच्यासकट शून्य केलं ना. रिकामी समजलो, पण वाटी रिकामी नव्हती. आता काहीही घातलं तरी चमच्याएवढं कमीच भरणार.”

“पिंगळा असं शून्य करतो का?”

“करतो की. आकाशातून थोडे क्ष-किरण सगळीकडूनच झिरपत असतात. कॅमेऱ्याची स्वतःची कुरबूरही असते, म्हणजे समोर काही नसतानाही उमटणारे बारीकसारीक आकडे. ती वजा करायला दरवर्षी आकाशाचा एक ठरलेला रिकामा तुकडा टिपून ठेवतात. आम्ही त्याला कोरं चित्र म्हणतो. मग प्रत्येक नव्या चित्रातून पिंगळा वरच्या वर ते कोरं चित्र वजा करतो आणि उरलेलं तेवढं खाली पाठवतो.”

“तो तुकडा रिकामा आहे, हे कुणी ठरवलं?”

“दुसऱ्या डोळ्यानं आधी बघून घेतात. दृश्य प्रकाशात एकही तारा नसला की...”

नानांचे वाक्य अर्धेच राहिले. बेसनाने माखलेला हात तसाच हवेत थांबला. यमुना मात्र तोवर पायात चपलाही न घालता नियंत्रण कक्षाकडे धावली होती.

“नन्या! त्या काळ्या ठिपक्याचा आकडा सांग.”

“उणे चारशे.”

“आणि इतर काळ्या जागांचा?”

“शून्याच्या आसपास. पडद्यावर शून्य आणि उणे, दोन्ही काळेच रंगवले जातात.”

“मेलेला पिक्सेल इतका खाली जाईल?”

“नाही. मेलेला पिक्सेल शून्य मोजतो. त्यातून कोऱ्या चित्राची कुरबूर वजा झाली, तर तो उणे चार-पाच होईल.” नन्या थांबला. तो असा मध्येच कधी थांबत नसे. “उणे चारशे होणार नाही.”

“कोरं चित्र शेवटचं कधी बदललं?”

“गेल्या वर्षी. वादळाच्याच आठवड्यात.”

“आता हे चित्र उलटं कर. काळ्याचं पांढरं.”

पडदा लुकलुकला. काळ्या ठिपक्याच्या जागी एक पांढरा, टपोरा, कडेला अलगद विरत जाणारा गोल उमटला. पिंगळा ज्या पद्धतीने कुठलाही तारा रंगवतो, हुबेहूब त्या पद्धतीने.

“मेलेलं असं दिसतं का?” यमुनाने विचारले.

“नाही म्हणता येत नाही... क्षमस्व. हो म्हणता येत नाही,” नन्या गोंधळून म्हणाला.

हिरेमठ मॅडम या केंद्राच्या संचालक. बाई कडक होत्या, पण कुणाचे ऐकून न घेता हाकलून देणाऱ्यांपैकी नव्हत्या. यमुनाने त्यांच्या खोलीत जाऊन सगळे एका दमात सांगितले. त्यांनी ऐकले आणि चष्मा काढून ठेवला.

“बाळ, आजोबांसाठी तुझा जीव तुटतोय, हे मला दिसतंय. पण बारा जणांच्या समितीनं महिनाभर तपासलंय हे.”

“त्यांनी ठिपका तपासला. कोरं चित्र तपासलं का?”

“कोऱ्या चित्रात तपासण्यासारखं काय असतं? ते कोरं आहे!”

“कशावरून?”

मॅडमनी चष्मा उचलून पुन्हा लावला. मुख्यालयात अहवाल गेला होता, तारीख ठरली होती. त्या म्हणाल्या, “आता घरी जा. मला काम आहे.”

यमुनाने त्यांच्या दारातच फतकल मारली. “मी नाही उठणार. त्या तुकड्याकडे एकदा बघा. काही नसलं तर शुक्रवारी मी स्वतः लाडू वाटीन.”

तेवढ्यात नाना आले. हात अजून बेसनाचे होते, पण ताठ उभे होते. कितीतरी महिन्यांनी यमुनाने त्यांना असे पाहिले.

“मॅडम, पिंगळा आता वळणारच आहे,” ते म्हणाले. “तो तुकडा वाटेतच लागतो. थांबून बघायला हवा आणि मी ते मागतोय. विनंती नाही करत. चौथ्या डोळ्याचा माझ्यावर तेवढा हक्क आहे.”

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “ठीक आहे. एकदाच,” त्या म्हणाल्या.

सगळे नियंत्रण कक्षात आले आणि आज्ञा वर गेली. पिंगळा वळला, ठरलेल्या तुकड्याकडे थांबून चौथ्या डोळ्याने बघू लागला. थोड्या वेळाने चित्र खाली उतरले आणि सगळे पडद्याकडे सरसावले.

काही नव्हते. नुसता अंधार.

“पाहिलंस?” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना आनंद झाला नव्हता, हे खरे. नाना खुर्चीत बसले. आपण सगळ्यांसमोर तोंडावर पडलो, नानांनाही पाडले, असे यमुनाला वाटले. रडावेसे वाटत होते, पण रडले असते तर ती यमुना कसली! ती पडद्याला नाक लावून डावीकडचा खालचा कोपरा शोधू लागली.

“नन्या, ठिपक्याच्या जागेचा आकडा सांग.”

“अधिक नऊ.”

“उणे चारशे नाही?”

“नाही.”

यमुना गर्रकन वळली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज खणखणीत. “मग ठिपका गेला कुठे? पिक्सेल मेलेत ना? मग याही चित्रात ते मेलेलेच असायला हवेत! आज तेवढे जिवंत झाले का?”

नाना खुर्चीतून उठले.

“वाटीत चमचा ठेवून शून्य केलं,” ती म्हणाली, “आणि आत्ता आपण पुन्हा तीच वाटी चमच्यासकट काट्यावर ठेवली. शून्यच येणार! पिंगळ्यानं त्या तुकड्यातून तोच तुकडा वजा केला. म्हणून तिथं जे आहे ते पुसलं गेलं. वजाबाकी बंद करा आणि मग बघा.”

हिरेमठ मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला आणि मग हळूहळू त्यावर वेगळेच काहीतरी उमटले. त्या स्वतः कधीतरी अशाच दारात फतकल मारून बसल्या असाव्यात. “नन्या,” त्या म्हणाल्या, “पुढच्या फेरीत वजाबाकी बंद. चारही डोळे उघडे. जे दिसेल ते जसंच्या तसं खाली पाठवायचं.”

“नाही,” नन्या म्हणाला. “त्याने बाकीची निरीक्षणे मागे पडतील.”

“पडू देत!” मॅडम आणि यमुना एकदमच ओरडल्या.

पिंगळा पृथ्वीला वळसा घालून परत येईपर्यंत कुणी जागचे हलले नाही. बाहेर पठारावर ऊन रणरणत होते. अवकाशातल्या वेधशाळेला रात्रीची वाट बघावी लागत नाही, एवढे एक बरे असते.

पहिले चित्र आले ते दृश्य प्रकाशाचे. काळेकुट्ट. मग अतिनील. तेही काळेकुट्ट. अवरक्त चित्रात मात्र धुरकट, मंद असा एक पट्टा होता, विझत आलेल्या चुलीसारखा. चौथे चित्र सगळ्यात शेवटी उतरले. त्यात सगळीकडे बारीक दाण्यादाण्यांची कुरबूर होती आणि डावीकडे खाली, बरोबर त्याच जागी, एक ठिपका झगझगत होता. वजाबाकी नव्हती, कुणी पुसत नव्हते, आणि तो होता.

नाना पडद्याजवळ गेले. “धुळीचा ढग आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडे येणारा दृश्य आणि अतिनील प्रकाश तो गिळतो. गिळून कोमट होतो, म्हणून अवरक्तात जरासा दिसतो. त्याच्या मागे बहुतेक कृष्णविवर आहे. वर्षभरापूर्वी जागं झालं असावं. एखादा तारा त्याच्या तावडीत सापडला असेल. त्याचे क्ष-किरण धुळीला दाद देत नाहीत, आरपार येतात.”

“बहुतेक?” यमुनाने विचारले.

“बहुतेक. खात्री करायची, तर याच डोळ्यानं बघत राहावं लागेल.”

“म्हणजे तो बिघडलाच नव्हता. वर्षभर ओरडून सांगत होता, की तुमचं कोरं कोरं नाही. आणि आपण त्यालाच आंधळा ठरवलं.”

“आपण नाही. मी आणि समितीनं,” हिरेमठ मॅडम म्हणाल्या. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. त्यांनी तिथूनच मुख्यालयाला कळवले, की शुक्रवारचा समारंभ रद्द, चौथा डोळा बंद होणार नाही, आणि वीज पुरावी म्हणून चारही डोळ्यांना पाळी लावली जाईल. पलीकडून काहीतरी कुरकुर ऐकू आली. “अहवाल चुकला आहे, मीच सही केली होती,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोलणे संपवले.

“वर्षभराची सगळी चित्रे दुरुस्त करावी लागतील,” नन्या म्हणाला.

“करू की,” यमुना म्हणाली. “प्रत्येकात चमच्याएवढं परत मिळवायचं.”

नाना घरी जाऊन लाडवांचे ताट घेऊन आले. घाईघाईत वळलेले, कुठे मोठे कुठे बारीक, एक-दोन तर फुटलेलेच. निरोपाचे लाडू म्हणून यमुनाने त्यांना हात लावला नसता. पण आता ते निरोपाचे राहिले नव्हते, म्हणून तिने सगळ्यात मोठा उचलला.

मॅडमनी पडद्यावर आकाशाचा नकाशा उघडला. त्या तुकड्यावर करड्या अक्षरांत ‘रिकामा’ असे लिहिलेले होते. त्यांनी तो शब्द पुसला आणि यमुनाकडे पाहिले. “काय लिहू? नाव सुचव. तुझा मान आहे.”

“नाव नंतर ठेवू. त्याची आपली नीट ओळख तरी कुठे झाली आहे?” यमुना तोंडातला घास सावरत म्हणाली. मग तिचे लक्ष नकाशाच्या उरलेल्या भागाकडे गेले. इथे, तिथे, थेट वरच्या टोकापर्यंत, करड्या अक्षरांत तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. रिकामा. रिकामा. रिकामा.

तिने अर्धा लाडू हातात तसाच ठेवला आणि बोटाने त्यातला सगळ्यात जवळचा तुकडा दाखवला.

“आणि हा? हा रिकामा आहे, असं कोण म्हणतं?”

नन्याने सगळी माहिती चाळली. “चारही डोळ्यांनी कुणी पाहिलेले नाही,” तो म्हणाला.

“मग वळव पिंगळ्याला,” यमुना म्हणाली.

आणि पठारापासून शेकडो किलोमीटर उंचीवर, म्हातारे पंख पसरून, चारही डोळे उघडे ठेवून पिंगळा वळू लागला.